आधी पंगत, मग भाषण: ज्येष्ठांच्या आणि कुटुंबांच्या सेवांसाठी निधी-भोजन कसं उभं करावं

दीड हजारांचं कूपन, दोनशे माणसं, म्हणजे तीन लाख रुपये. कार्यकारिणीच्या बैठकीत हा हिशेब फार देखणा दिसतो. मग खर्च मांडायला बसलं की तो उतरायला लागतो. दोनशेतल्या तीस खुर्च्या संस्थेच्या स्वतःच्या पाहुण्यांना जातात: सेवा घेणारे ज्येष्ठ, त्यांना घेऊन येणारे घरचे, वक्ता, डॉक्टर. उरल्या एकशे सत्तर, म्हणजे २,५५,००० रुपये. ताट ५०० रुपयांचं धरलं आणि स्वयंसेवक, वाहनचालक, साउंडवाले यांची पंचवीस ताटं मिळवली, की २२५ ताटांचे १,१२,५०० होतात. मंगल कार्यालयाचं भाडं ६०,०००, साउंड, सजावट, जादा खुर्च्या २२,०००, छपाई ८,०००, गाड्या, सफाई, परिचारिका १२,५००. एकूण २,१५,०००, आणि ऐनवेळच्या खर्चासाठी दहा टक्के बाजूला ठेवले की २,३६,५००. हातात उरतात साडेअठरा हजार. तीन महिने पंधरा माणसं राबल्यावर. तेवढी रक्कम चार घरी चहाला जाऊनही जमली असती.

आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, कारण पुण्यातच सदाशिव पेठ, कोथरूड आणि बाणेर यांचे भाव एक नाहीत. पण गणिताचा आकार तोच राहतो: कूपनं विकून निधी उभा राहत नाही. निधी उभा राहतो तो टेबलांच्या यजमानांमुळे आणि खर्चाचा भार आधीच उचलणाऱ्या प्रायोजकांमुळे. म्हणून पहिलं कूपन छापायच्या आधी कार्यालय आणि जेवण हे दोन मोठे खर्च कोणाच्या तरी नावावर लागलेले हवेत. ते लागत नसतील तर कार्यक्रम पुढे ढकला, किंवा ऐंशी माणसांचा करा.

यजमान टेबल

दहा खुर्च्यांची वीस टेबलं धरा. त्यातली बारा यजमानांना द्यायची. यजमान टेबलाचे २५,००० रुपये देतो आणि नऊ जणांना स्वतः आणतो. हे नऊ जण तुमच्या संस्थेला ओळखत नसतात, आणि खरा फायदा तोच आहे. बारा टेबलांचे तीन लाख, पन्नास सुट्या कूपनांचे पंचाहत्तर हजार, आणि तीन टेबलं संस्थेच्या पाहुण्यांची. खर्च वजा जाता १,३८,५०० उरतात. भाडं आणि जेवण प्रायोजकांनी उचललं तर तीच रक्कम ३,११,००० होते. रात्रीच्या आवाहनातून येणारे पैसे या हिशेबात धरू नका. अंदाजपत्रकात आशेला जागा दिली की खजिनदाराची झोप उडते.

यजमान म्हणून कोण? सोसायटीचा माजी अध्यक्ष, भागातला औषधविक्रेता, ज्याच्या आईला तुमच्या केंद्राची सोय झाली तो मुलगा, रोटरी किंवा लायन्सची शाखा, सहकारी बँक, मिठाईवाले, सराफ. मोठ्या कंपनीकडे जाताना एक गोष्ट माहीत असू द्या. कंपनी कायद्याखाली सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, पैसा एकवेळच्या कार्यक्रमाच्या प्रायोजकत्वाला चालत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती असले खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, असं २०१४ च्या सरकारी परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. त्यामुळे भोजनाचं टेबल जाहिरात-प्रसिद्धीच्या बजेटमधून मागा. सीएसआरसाठी वेगळा, वर्षभराच्या सेवेचा प्रस्ताव द्या. दोन्ही एकाच पत्रात घातले की ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

यजमानाला काम सोपं करून द्या. त्याच्या नऊ पाहुण्यांची नावं, मोबाइल क्रमांक, उपवास-पथ्य, व्हीलचेअर लागते का, एवढं एका कागदावर दहा दिवस आधी मागवा. 'माणसं येतील, बघू' म्हणणारा यजमान चार जण घेऊन येतो, आणि पाच रिकाम्या खुर्च्या सभागृहाच्या मधोमध दिसत राहतात. अशांना कडेचं टेबल द्या.

तारीख

पुण्यात तारीख काढताना पंचांग, शाळेचं वेळापत्रक आणि हवा, तिन्ही समोर ठेवावं लागतं. लग्नाच्या दाट मुहूर्तावर कार्यालय मिळत नाही, मिळालं तरी आचारी आणि वाढपी दुसऱ्या कार्याला गुंतलेले असतात. चातुर्मासात कार्यालयं बरीच मोकळी असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. मात्र श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी टाळायची. संकष्टीला तर निम्म्या टेबलांचं लक्ष चंद्रोदयाकडे असतं. पितृपक्षात कार्यालय सहज मिळतं आणि पाहुणे मिळत नाहीत. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन. संस्थांना तो साहजिकच आवडतो, पण काही वर्षी तो पितृपक्षात येतो, तेव्हा आधी पंचांग उघडा. गणपतीचे दहा दिवस आणि पालख्यांचा मुक्काम असतो ते दिवस रस्त्यांमुळेच बाद. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या रात्री तुमचा देणगीदार तिकडे असणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. कुटुंबांसाठी पैसे उभे करायचे आणि कुटुंबंच घरी, असं होतं.

उरतं काय? कोजागरीच्या आसपासचा शनिवार, आणि जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. कोजागरीला मसाला दुधाचं निमित्त आयतं मिळतं, पण परतीचा पाऊस कधीही गाठतो, म्हणून लॉन नको. जानेवारीत लॉन त्याहून नको. रात्री आठनंतर पुण्यात जी थंडी उतरते तिच्यात सत्तरीपुढची माणसं मफलर गुंडाळून बसतात आणि घड्याळ बघतात. छत हवंच.

कार्यालय बघायला जाताना

सजावट आणि झुंबरं बघायला कोणीही जाईल. तुम्ही जाताना मोजपट्टी आणि शक्य झालं तर व्हीलचेअर घेऊन जा. जेवणाचा हॉल तळमजल्यावर आहे का? बहुतेक कार्यालयांत विधी खाली आणि जेवण वर किंवा तळघरात असतं, आणि लिफ्ट एकच, तीही चार माणसांची. साठ माणसं चार-चार करून खाली उतरवायला अर्धा तास सहज जातो. उतार असेल तर त्याचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. लग्नाच्या ट्रॉलीसाठी केलेला तीव्र उतार व्हीलचेअरला धोक्याचा असतो. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. स्वच्छतागृहात कमोड, बाजूला धरायला दांडी, आणि कोरडी जमीन. ही जमीन कोरडी राहणार नाही हे गृहीत धरून दर वीस मिनिटांनी पुसणारं एक माणूस नेमा. अशा कार्यक्रमात पडझड होते ती बहुतेक तिथेच किंवा मंचाजवळच्या वायरींवर.

प्लास्टिकच्या हात नसलेल्या खुर्च्या नाकारा. गुडघेदुखीच्या माणसाला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. हात नसले की तो टेबलाला धरून उठतो आणि टेबल कलंडतं. निदान निम्म्या खुर्च्या हाताच्या मागा. टेबलांच्या दोन रांगांमध्ये पाच फूट अंतर सोडा, म्हणजे व्हीलचेअर आणि वाढपी दोघंही जातात.

पार्किंगचं खरं उत्तर पार्किंग नव्हे. दारासमोर उतरवण्यासाठी दोन गाड्यांची जागा राखा, तिथे दोन स्वयंसेवक आणि दोन व्हीलचेअर ठेवा. परतीचा प्रश्न त्याहून मोठा आहे: रात्री नऊला शंभर जण एकदम रिक्षा शोधायला लागले तर मिळत नाहीत. यजमानांनाच आपापल्या पाहुण्यांच्या परतीची जबाबदारी द्या आणि संस्थेच्या तीन टेबलांसाठी दोन मिनीबस सांगून ठेवा.

कागदपत्रं

संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर बरंच सोपं. नुसतं मंडळ किंवा सोसायटीचा गट वर्गणी गोळा करत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. त्यापेक्षा भागातल्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घ्या आणि पैसे थेट तिच्याच खात्यात येऊ द्या. कोणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर 'तात्पुरते' घेतलेले पैसे पुढे भांडणाचं मूळ होतात, हेतू कितीही शुद्ध असला तरी.

८०जीबद्दल, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या आयकर वजावटीबद्दल, पाहुणे विचारणारच. संस्थेकडे ती मान्यता आहे का आणि तिची मुदत चालू आहे का, हे छपाईआधी तपासा. कूपनाची सगळी रक्कम देणगी ठरत नाही, कारण बदल्यात जेवण मिळतं. म्हणून कूपनावरच 'भोजन शुल्क ५००, देणगी १,०००' असं वेगळं छापा आणि पावती देणगीचीच द्या. जेवण प्रायोजित असेल तर कूपनावर काय लिहायचं ते सीएकडून लेखी घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. तांदूळ, तेल, साड्या अशा वस्तुरूप देणगीलाही मिळत नाही. आणि जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच या वजावटीचा उपयोग आहे, तेव्हा मंचावरून 'सगळ्यांना करसवलत' असं ठोकून देऊ नका. पॅन क्रमांक त्याच रात्री घ्या. संस्थेला वर्षाअखेरीला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं, त्याशिवाय देणगीदाराचं प्रमाणपत्र निघत नाही, आणि एप्रिलमध्ये दीडशे जणांना पॅनसाठी फोन करणं हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

पुण्यात हमखास येणारा प्रसंग: अमेरिकेतला मुलगा म्हणतो, आईबाबांच्या टेबलाचे पैसे मी पाठवतो. तो भारतीय पासपोर्ट बाळगून असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो विदेशी स्रोत ठरतो. अशी देणगी एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येते. नोंदणी नसेल तर गोड शब्दांत नाही म्हणा. 'आईच्या खात्यातून फिरवू' ही युक्ती नको.

ध्वनिक्षेपकासाठी पोलिस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री दहाला तो बंद, पण तुमचा कार्यक्रम त्याच्या तासभर आधीच संपलेला असेल. गाणी वाजवणार असाल तर तिकीट लावलेला कार्यक्रम हा घरगुती कार्यक्रम नव्हे, संगीताच्या परवान्याबद्दल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारा. त्यापेक्षा बासरी किंवा पेटीवर पारंपरिक रचना ठेवा. तिकिटांवर लकी ड्रॉ काढायचा मोह टाळा. पैसे घेऊन सोडत काढणं हा लॉटरीचाच प्रकार. वस्तूंचा लिलाव करा, तो चालतो आणि जास्त मिळवून देतो.

जेवण

बुफे नको. हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, आणि रांगेत पंधरा मिनिटं उभं राहायचं, हे ऐंशीच्या आजींना सांगता येत नाही. टेबल-खुर्चीची पंगत ठेवा. त्यात एक फायदा आहे जो कुठल्या केटररच्या कार्डावर नसतो. आपल्याकडे ताट वाढायचा क्रम ठरलेला आहे: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये भात. मोतीबिंदूने अंधुक दिसणाऱ्याला किंवा विस्मरण सुरू झालेल्याला हा क्रम हाताने माहीत असतो, न बघताही काय कुठे आहे ते कळतं. वाढप्यांना तो क्रम मोडू देऊ नका.

पदार्थ मोजके ठेवा: साधं वरण-भात, मसालेभात, पोळी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा. अळूची भाजी पुण्याच्या पंगतीची शान खरी, पण पानं नीट निवडली नाहीत किंवा चिंच कमी पडली तर घसा खाजतो, आणि दोनशे जणांचा एकदम खाजतो. पुऱ्या नकोत, तळण जड जातं आणि गार पुरी दातांना चिवट लागते. पापड-कुरडई मागाल तर कवळीवाले नुसते बघत बसतील.

माल केटररच आणतो, तरी शंभर माणसांमागचं हे प्रमाण खिशात ठेवा, म्हणजे दुपारी चारला भटारखान्यात गेल्यावर नुसतं 'सगळं झालंय ना?' असं विचारून परत यावं लागणार नाही:

मसालेभाताला तांदूळ साडेचार किलो, साध्या भाताला तीन किलो
तूरडाळ अडीच किलो
पोळ्या अडीचशे, त्यासाठी कणीक दहा किलो
बटाटे दहा किलो
मटकी तीन किलो, मोड येण्याआधीचं वजन
काकडी पाच किलो, कोशिंबिरीला दही दोन किलो
श्रीखंड आठ किलो
मठ्ठ्याला दही पाच किलो, त्याचा मठ्ठा पंधरा लिटर
साजूक तूप अर्धा ते पाऊण किलो
लिंबं तीस
पिण्याचं पाणी शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार

ज्येष्ठ जास्त असतील तर भात आणि पोळी यापेक्षा कमीच लागते, वरण आणि मठ्ठा मात्र जास्त. तरुण कुटुंबं आली तर उलट, आणि श्रीखंड सगळ्यात आधी संपतं.

बिघडतं ते इथे. मोठ्या पातेल्यातला मसालेभात झाकणाखाली आपल्याच वाफेने पुढे शिजत राहतो. आच बंद करताना शीत किंचित कडक हवं, नाहीतर वाढेपर्यंत गिचका होतो. पोळ्या दुपारी चारला लाटून ठेवल्या तर सातला वातड होतात. अर्ध्या साडेपाचला आणि अर्ध्या साडेसहाला करायला सांगा, कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा. मटकी बोटांत चुरडेल इतकी मऊ हवी. श्रीखंड वाढायच्या क्षणापर्यंत बर्फात किंवा फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न ज्येष्ठांना वाढू नका, त्यांना झालेली बाधा दोन दिवसांत बरी होत नाही. केटररचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी किंवा परवाना क्रमांक करारावर लिहून घ्या, आणि भटारखान्यात घरगुती लाल सिलिंडर दिसला तर तिथल्या तिथे थांबवा.

मधुमेहींसाठी 'शुगर-फ्री' गोडाची पाटी लावण्यापेक्षा श्रीखंडाची वाटी लहान ठेवा आणि ज्याला हवं त्याला पुन्हा वाढा. गूळ घातला म्हणजे साखर वाढत नाही, हा गैरसमज पंगतीत पसरवू नका. वरणात आणि भाजीत मीठ बेताचं. ज्याला हवं त्याच्यासाठी ताटात आहेच. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण-बटाट्याशिवायची काही ताटं वेगळी, आणि सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांची सोय साडेपाचला बाजूच्या खोलीत.

केटररशी आकड्यांचं बोलणं स्पष्ट करा. 'गॅरंटी' किती ताटांची, जादा ताटांचा भाव काय, जीएसटी धरून की सोडून, वाढपी किती. पंगतीत वीस माणसांमागे दोन वाढपी हवेत. एकावर भागवलं की पहिल्या टेबलाचा मठ्ठा होतो तेव्हा शेवटच्या टेबलाला भाजीही पोचलेली नसते. अंतिम आकडा ४८ तास आधी द्या. ताटांची मोजणी जेवणाआधी आणि नंतर, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा करून. रात्री साडेनऊला 'दोनशे साठ झाली' आणि 'छे, दोनशे दहाच' हा वाद बहुतेक कार्यालयांनी ऐकलेला आहे.

थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. स्टीलची ताटं घ्या. ओला-सुका कचरा कोण उचलणार हे तुमच्या भागातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेविकांशी किंवा कार्यालयाशी आधी बोला. उरलेलं अन्न नेणाऱ्या संस्थेला दोन दिवस आधी सांगून ठेवा आणि ते भांड्यातलंच द्या, ताटातलं नाही. मठ्ठा आणि कोशिंबीर देऊ नका.

संध्याकाळ

सहाला दारं उघडा. पुण्यातले ज्येष्ठ पावणेसहालाच येऊन उभे असतात, म्हणून पाच-पंचवीसला स्वागताचे स्वयंसेवक जागेवर हवेत. साडेसहाला टोमॅटोचं सार किंवा कढण. सातला पंगत. सातला म्हणजे सातला.

याचं कारण औषध. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे पाहुणे घरून जेवणाच्या वेळेचा हिशेब करून निघतात. काहींनी इंजेक्शन घेऊनच रिक्षा पकडलेली असते. दीपप्रज्वलन, सत्कार, तीन भाषणं असं करत जेवण साडेआठवर गेलं की साखर उतरते: घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ. आजूबाजूच्यांना वाटतं, दमले असतील. स्वागताच्या टेबलावर साखर, फळांचा रस, बिस्किटं आणि ग्लुकोमीटर ठेवा, एक परिचारिका बसवा, आणि १०८ ही मोफत रुग्णवाहिका सेवा आहे हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत असू द्या. कार्यक्रमपत्रिकेत मंत्री किंवा नगरसेवक असतील तर त्यांच्यासाठीही पंगत थांबवू नका. ते उशिरा आले तर मठ्ठ्याला येतील.

पावणेआठला जेवण आटोपतं, मग सव्वाआठपर्यंत कार्यक्रम. पोट भरलेला माणूस देणगी देताना घाई करत नाही, आणि निघायचीही नाही. सत्कार, शाल, श्रीफळ यांना एकूण पाच मिनिटं. सेवेची माहिती दहा मिनिटं, तीही आकड्यांत: विरंगुळा केंद्रात रोज किती जण येतात, घरी डबा किती जणांना जातो, पाळणाघरात किती मुलं आहेत, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरच्यांना आठवड्यातून चार तास मोकळे मिळावेत म्हणून किती फेऱ्या होतात.

सेवा घेणाऱ्या आजोबांना मंचावर बोलावून 'तुम्हाला संस्थेमुळे काय मिळालं सांगा' असं करू नका. ते जेवायला आले आहेत, साक्ष द्यायला नाही. मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही पडद्यावर आणायचं नाही. सेवा दाखवायची तर केंद्राची खोली दाखवा, डब्यांची रांग दाखवा.

आवाहन

सात-आठ मिनिटं, एकच माणूस, हातात माइक आणि पाठ असलेले आकडे. 'यथाशक्ती मदत करा' या वाक्याने कोणाचाही हात खिशाकडे जात नाही. रकमेला काम जोडा, आणि ते काम तुमच्या स्वतःच्या हिशेबवहीतून काढलेलं असू द्या. दुपारचा डबा ८० रुपयांना पडत असेल तर सव्वीस दिवसांचे २,०८०. म्हणजे साधारण पंचवीस हजारांत एका ज्येष्ठाचं वर्षभराचं दुपारचं जेवण. असे चार-पाच आकडे, मोठ्याकडून लहानाकडे: पन्नास हजार, पंचवीस, दहा, पाच, एक. प्रत्येक रकमेला थांबायचं, ज्यांना द्यायचं त्यांनी टेबलावरचं कार्ड वर करायचं, स्वयंसेवकाने ते घ्यायचं. पहिला पन्नास हजारांचा हात कोणाचा हे आधी ठरलेलं असावं. त्यात लबाडी काही नाही, ते पैसे खरेच असतात. पहिला हात वर गेल्याशिवाय दुसरा जात नाही, एवढंच. आकडा उच्चारल्यावर होणारी शांतता बोलून भरू नका, त्याच शांततेत माणसं बायकोकडे किंवा नवऱ्याकडे बघून ठरवतात. एक हजारावर पोचल्यावर कार्डांचा गठ्ठा उठतो, तेव्हा टेबलागणिक एक स्वयंसेवक हवा.

कार्डावर नाव, मोबाइल, पॅन, रक्कम, आणि 'आता की नंतर' एवढंच. अक्षरं सोळा पॉइंटची, पेनं प्रत्येक टेबलावर तीन. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा, छापलेला, दोन दिवस आधी दहा रुपये पाठवून तपासलेला. बंद कार्यालयांत मोबाइलचं नेटवर्क रडतखडत चालतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट ठेवा. धनादेश आणणारे अजूनही बरेच असतात. संस्थेचं नोंदणीतलं नाव अगदी अक्षर न् अक्षर मोठ्या टाइपात टेबलावर छापून ठेवा, 'फाउंडेशन'च्या जागी 'ट्रस्ट' लिहिलेला धनादेश बँक परत पाठवते. निनावी पाकिटं येतील. त्यांची वेगळी नोंद करा, कारण ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर संस्थेला ३० टक्क्यांनी कर लागू शकतो.

साडेआठपासून अर्धा तास पेटी किंवा बासरी, नऊला निरोप. संगीत चालू असताना मागच्या खोलीत दोन जणांनी रोकड मोजायची, दोघांनी सही करायची, आणि ती रात्री कोणाच्या घरी जाणार हे सकाळीच ठरलेलं हवं.

नंतरचे पंधरा दिवस

'नंतर देतो' म्हटलेल्यांना दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप आणि खात्याचा तपशील, आठव्या दिवशी एक फोन. फोन सकाळी साडेदहा ते बारा किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी एक ते चार या वेळात केलेल्या फोनने पुण्यात देणगी मिळाल्याचं ऐकिवात नाही. तिसरा फोन करू नका, त्याऐवजी केंद्र बघायला बोलवा. पावत्या सात दिवसांत. खर्च आणि जमेचं एक पान सगळ्या यजमानांना पंधरा दिवसांत: ताटं किती, भाडं किती, प्रायोजकांनी काय उचललं, निव्वळ किती उरले, कोणत्या सेवेला किती गेले. एखादा खर्च फुगला असेल तर तोही लिहा. पुढच्या वर्षीचं टेबल याच पानावर विकलं जातं, आणि त्याच पाठीमागे पुढच्या वर्षाची तारीख छापायला हरकत नाही, पंचांग बघून.